धुळाआबांच्या तोंडचा चांगला शब्द

भाद्रपदातल्या चतुर्थीचा चंद्र पाहू नये, पाहिला तर माणसावर खोटा आळ येतो, आणि तो टाळायचा असेल तर दुसऱ्याच्या घरावर खडा टाकून त्याच्या चार शिव्या खाव्यात, हे मी ऐकून होतो. पण या कामासाठी सगळ्या गावाने मिळून एकच घर ठरवलेलं असेल आणि नेमकी त्याच घरातली खोली मी भाड्याने घेतलेली असेल, याची मला कल्पना नव्हती.

ही गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराची, शिरूर तालुक्यातल्या निमोण्याची. मी हायस्कुलात इतिहास शिकवायला नुकताच रुजू झालो होतो. त्या संध्याकाळी वह्या तपासत बसलो असताना पत्र्यावर धाडकन दगड पडला. पाठोपाठ दुसरा. घरमालकाचं कुणाशी तरी वैर असावं असं समजून मी कॉटखाली शिरावं की काय, या विचारात होतो. तेवढ्यात घरमालक, म्हणजे धुळाआबा, घोंगडी सावरत ओट्यावर आले, घसा खाकरला आणि अंधाराकडे तोंड करून बोलू लागले. दगड मारणाऱ्याचा बाप, त्याचा आजा, त्याची म्हैस आणि त्याने नवी घेतलेली मोटरसायकल यांच्या परस्परसंबंधांबद्दल त्यांनी जे सांगितलं, ते इथे छापता येणार नाही. ते थांबल्यावर अंधारातून समाधानी आवाज आला, "झालं आबा. लय उपकार झाले."

"घरी बरं हाय का?" आबांनी विचारलं.

"बरं हाय."

तो गेला आणि पुढचा दगड पडला. बाहेर चक्क रांग होती. शेवटी सरपंचही येऊन गेले. पदाचा मान राखून त्यांनी खडा अगदी हरभऱ्याएवढा टाकला, तर आबांनी त्यांना त्या खड्यावरूनच जास्तीच्या दोन ऐकवल्या.

धुळाआबा तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. तरुणपण मेंढरांमागे मुलुख तुडवण्यात गेलेलं. पुढे कालव्याचं पाणी आलं, माळाची जमीन भिजली, मेंढरं विकली आणि आबा एका जागी बसले. मेंढरांच्या जागी चार शेरडं राहिली. शिव्या मात्र सगळ्या राहिल्या. मोकळ्या माळावर हाका मारायची सवय असल्यामुळे त्या दोन गल्ल्या ओलांडून ऐकू जात.

घरात माणसं दोनच. आबा आणि त्यांची नात सुनंदा. सुनंदाची आई, म्हणजे आबांची एकुलती एक लेक, सुनंदा तान्ही असतानाच गेली होती. बापाने दुसरं लग्न केलं आणि पोर आजोळीच राहिली. आजी होती तोवर आजीने पाहिलं, मग आबांनी. मी राहायला गेलो तेव्हा ती न्हावऱ्याच्या कॉलेजात अकरावीला होती. आबा तिला सुनंदा म्हणताना मी कधी ऐकलं नाही. तिची नावं दिवसाच्या वेळेप्रमाणे बदलत. सकाळी ती भवानी असे, दुपारी टवळी, आणि एसटी चुकून उशिरा घरी आली तर कैदाशीण. ती हाकेला ओ देत असे, "आली हो, भवानी आली," आणि चहा आणून ठेवी. पुण्यात माझ्या घरी आम्ही एकमेकांना अहोजाहो करत असू आणि महिनामहिना बोलत नसू. त्यामुळे या घरातला संवाद ऐकून मी प्रथम फार गोंधळलो. नंतर सवय झाली, पण गोंधळ गेला नाही.

मला हे प्रकरण समजून घ्यायचं होतं. वाचणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्टीचं वर्गीकरण करावंसं वाटतं. एकदा मी आबांना सरळ विचारलं, की वाईट बोलणं म्हणजे तुमच्या मते नेमकं काय. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

त्यांचा हिशोब असा होता. कुणाच्या बापाला, आईला, जनावराला काही म्हणालं तर ते नुसतं बोलणं. त्याने कुणाच्या अंगाला भोक पडत नाही. पण 'तुझं वाटोळं होईल', 'तुझं कधी भलं होणार नाही', हे घाण बोलणं. असं बोलणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा आबा पीत नसत. एकदा दूध डेअरीवर दोन संचालकांचं भांडण जुंपलं. आबा बाजूला बसून दोघांनाही नेहमीच्या शब्दांत शांत करत होते. त्यातला एक संचालक शिकलेला. तो अत्यंत सभ्य मराठीत दुसऱ्याला म्हणाला, "परमेश्वर तुम्हाला याचं फळ दाखवल्याशिवाय राहणार नाही." आबा ताडकन उठले. त्यांनी त्या शिकलेल्याच्या दंडाला धरलं, डेअरीच्या नळाशी नेलं आणि चूळ भरायला लावली. "बायाबापड्या दूध घालाया येत्यात हितं," ते म्हणाले, "आन् तू आसं वंगाळ बोलतूस, सुक्काळीच्या?"

बायाबापड्यांनी मान डोलावली. मी पुन्हा गोंधळलो.

दुसरं घाण बोलणं म्हणजे स्तुती. हे मला कळलं ते गावातल्या एका सत्काराच्या वेळी. साखर कारखान्यावर निवडून आलेल्या एका पुढाऱ्याला शाल, श्रीफळ आणि भाषणं असा कार्यक्रम होता. एक वक्ता त्यांना सूर्य म्हणाला. दुसऱ्याने सूर्य मावळतो म्हणून त्यांना ध्रुवतारा केलं. पुढच्या रांगेत माझ्या शेजारी आबा बसले होते. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. जप चालला असावा असं मला वाटलं. कान देऊन ऐकलं तर त्या सत्कारमूर्तीच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. मला फार बरं वाटलं. या गावात आपल्या मताचा निदान एक माणूस आहे! बाहेर आल्यावर मी तसं म्हणालोही. आबा दचकले.

"न्हाई वो मास्तर. त्यो माणूस चांगला हाय. पर एवढं गोड बोलत्यात समदी, मरंल की त्यो. कुणीतरी दिष्ट उतराया नको?"

म्हणजे तिथे त्या माणसाच्या जिवाची काळजी असलेले आबा एकटेच होते, आणि ती ते शिव्या देऊन वाहत होते. नवं करडू जन्मलं की आबा आधी त्याला एक शिवी घालत, मग हात लावत. ज्वारीला टपोरं कणीस आलं की कणसाला शिवी. नजर, दृष्ट वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि तसं मी वर्गात पोरांना दर वर्षी सांगत असे. आबांनाही सांगून पाहिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला एक शिवी दिली. माझ्या तब्येतीसाठी असावी.

सुनंदा बारावी झाली त्या उन्हाळ्यात दौंडहून स्थळ आलं. मुलगा कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कंपनीत कामाला, वडील मारुतीराव रेल्वेत फिटर, आई शेवंताबाई. त्यांचेही वाडवडील मेंढपाळच, पण आता क्वार्टर, नळ आणि ड्युटीचं घर. मुलाने सुनंदाला एका लग्नात पाहिलं होतं, आणि तिनेही त्याला पाहिलं होतं, हे ती मला सांगणार नव्हती पण तिच्या कानांनी सांगितलं. ते लाल झाले होते. त्यात मध्यस्थ सांगून गेला, की मुलीला नर्सिंगचा कोर्स करायचा असेल तर घरच्यांची ना नाही. हे तिला फारच मोलाचं होतं. असं स्थळ निमोण्यात पुन्हा चालत येणार नव्हतं.

ती माझ्याकडे आली. "मास्तर, तेवढ्या दिशी आबांच्या तोंडाला आवर घालाल का? मला काई वाटत न्हाई वो. पर त्ये लोक रेल्वेतले हायेत."

रेल्वेतले लोक शिव्या देत नाहीत, ही समजूत कुठून आली असेल ते मला कळेना. पण मी जबाबदारी घेतली. आठवडाभर मी आबांची तालीम घेतली. फार शब्द शिकवण्यात अर्थ नव्हता. मी त्यांना एकच दिला, 'बरं'. पाहुणे काहीही म्हणाले तरी 'बरं' म्हणायचं. नातीसाठी आबा काहीही करायला तयार होते. ते गोठ्यात शेरडांपुढे उभे राहून 'बरं, बरं' म्हणत. शेरडं चारा सोडून त्यांच्याकडे बघत राहत.

बघण्याचा कार्यक्रम उत्तम सुरू झाला. आबा कोरं धोतर नेसून, नवं मुंडासं बांधून बसले होते. पाहुणे म्हणाले, रस्ता खराब आहे. आबा म्हणाले, बरं. पाहुणे म्हणाले, यंदा ऊन फार. आबा म्हणाले, बरं. मुलगी आली, पोहे दिले, चार प्रश्न झाले, उत्तरं झाली. मुलाचा चेहरा तर आधीच हो म्हणत होता. शेवंताबाई मात्र बारीक नजरेने घर पाहत होत्या. कमी बोलणाऱ्या, हाडापेराने मजबूत बाई. त्या आबांकडे वळल्या.

"आबा, पोर तुमीच वाढिवली. तुमीच सांगा की तिचं कायतरी."

आबा म्हणाले, "बरं."

"कामाला कशी हाय?"

"बरं."

"सभावाला?"

आबांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मग त्यांनी ते मिटलं आणि आढ्याकडे पाहू लागले. मी मागून हळूच सुचवलं, 'गुणाची आहे म्हणा.' आबांच्या कपाळावर घाम आला. ते म्हणाले नाहीत. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कप खाली ठेवले आणि "कळवतो" म्हणून जीपमध्ये बसले. मुलीकडच्यांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

पुढे आणखी बिघडलं. जाताना मारुतीरावांनी वेशीवरच्या हॉटेलात चहाच्या निमित्ताने आबांची चौकशी केली. म्हातारा फार शांत आणि सभ्य दिसला, असं ते म्हणाले. हॉटेलवाल्याच्या हातातली किटली थांबली. आबा पोरीबद्दल एक वाकडा शब्द बोलले नाहीत, मग घरात नक्कीच काहीतरी भानगड असणार, असं त्याने काळजीच्या सुरात सांगितलं. चार दिवसांनी मध्यस्थ निरोप घेऊन आला. दौंडकरांचं म्हणणं असं, की म्हातारा खरा माणूस आहे. पोरीत काहीतरी खोट असेल, आणि खोटं बोलवेना म्हणून तो बिचारा गप्प बसला. तेव्हा हे स्थळ त्यांना नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी हाक मारली, "भवाने, च्या आन." सुनंदाने चहा आणून ठेवला आणि ती आत गेली. भवानी आली, असं काही ऐकू आलं नाही. त्यानंतरच्या सकाळीही नाही. आबा चहाकडे बघत बसले. चहा निवला. मग ते उठले आणि माझ्या दाराशी येऊन म्हणाले, "मास्तर, दौंडाला यायचं का?"

न्हावऱ्याला एसटी बदलून आम्ही निघालो. वाटेत मी त्यांची समजूत घालत होतो. दोनच शब्द बोलायचे. पोर गुणाची आहे. यात काय अवघड आहे?

"ते न्हाई जमायचं," आबा म्हणाले.

का, म्हणून विचारलं तर तेच पुन्हा. ज्या माणसाचा शब्दसंग्रह तालुक्यात सर्वांत मोठा होता, त्याला त्यात 'गुणाची' एवढा एक शब्द ठेवायला जागा सापडत नव्हती. मग आपण दौंडला कशासाठी चाललो आहोत, तेही मला कळेना. त्यांनाही ते माहीत नसावं.

रेल्वेच्या क्वार्टरमध्ये शेवंताबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. मारुतीराव ड्युटीवरून येऊन नुकतेच बसले होते. आम्हाला पाणी मिळालं. मी खुर्चीत सावरून बसलो आणि सुरुवात केली. कन्येच्या अंगी असलेले संस्कार, शिक्षणाची ओढ, सेवाभाव, असं बरंच काही मी जुळवून आणलं होतं. त्या सत्कारातल्या वक्त्यांना मी उगाच हसलो, असं मला बोलता बोलताच वाटलं.

शेवंताबाईंनी सूप खाली ठेवलं. "मास्तर, तुमी जरा थांबा," त्या म्हणाल्या. मग आबांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "आबा, पोरीत काय खोट हाय ती सांगून टाका. म्या रागवायची न्हाई."

"खोट?" आबा म्हणाले. मी डोळे मिटून घेतले.

"खोट व्हय? आयका मग. ती भवानी कोंबडं आरवायच्या आदी उठती. कुणी सांगितलंय तिला? म्या सांगितलंय? टवळीला झोपच न्हाई. शेरडांला पाला टाकती, भाकरी थापती, आन् मग यष्टीमागं पळती. माझ्या तोंडात दात न्हाई ऱ्हायला. तर ती अवदसा माझी भाकर दुधात कुस्करून आनती आन् म्हनती, आबा, आज भाकर जरा कडक झाली म्हनून कुस्करली. रोज कडक हुती व्हय भाकर? खोटारडी! तोंडावर खोटं बोलती माझ्या."

शेजारच्या क्वार्टरच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. आबांना कुणी दिसत नव्हतं.

"अंगात ताप हुता माझ्या, आन् हिची बारावीची परीक्षा. मी म्हनलं नीज. न्हाई निजली. कैदाशीन उशाला बसून राह्यली, पुस्तक मांडीवर घिऊन. आन् सकाळी पेपराला गेली, आन् पास बी झाली. हाय का लाज? एवढ्या शिव्या घालतो मी तिला, तर सटवी हसती. हसती वो! तिच्या आजीचं लुगडं हाय ट्रंकेत, ते काढती, वास घेती आन् पुन्ना घडी घालून ठिवती. मला दिसत न्हाई आसं वाटतं तिला. असली चोर हाय. असली पोर म्या वाढिवली. आन् आता ती गेल्यावर माझ्या घरात..."

यार्डात एक इंजिन डबे ढकलत होतं, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. मारुतीराव कधी बायकोकडे, कधी माझ्याकडे पाहत होते. मी खांदे उडवले. आपण काय ऐकलं, त्याचा मलाही अजून अर्थ लागत नव्हता. ही स्थळ मोडायची तऱ्हा होती की जुळवायची?

शेवंताबाईंनी पदराने नाक पुसलं. बराच वेळ त्या सुपातल्या ज्वारीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी पोर लय वंगाळ हाय म्हना की."

आबांनी मान वर केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लय वंगाळ," आबा म्हणाले.

"मग आमाला तसलीच पायजे." आणि नवऱ्याकडे न बघता त्यांनी हुकूम सोडला, "अवो, सुपारी कवा फोडायची ती तारीख काढा. आन् साखर आना, घरातली वाढलीय."

मारुतीराव पायात चप्पल सरकवून संपलेली साखर आणायला गेले. माझ्यासारखंच त्यांनाही कुणी काही समजावून सांगितलं नाही.

परतीच्या एसटीला वेळ होता. दौंडच्या स्टँडवर आबांनी घोंगडी पसरली आणि आम्ही तिच्यावर बसलो. मी खुशीत होतो. आबांना म्हणालो, पहा, बोललात की नाही शेवटी पोरीबद्दल चांगलं? उगाच इतके दिवस अडून बसलात.

आबांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याची गुंडाळी उलगडत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तर, शिव्या पुरल्या आसतील न्हवं?"

"कशाला?"

"लय चांगलं बोलून गेलो आज. एवढं बोलायचं न्हवतं. मंधी मंधी शिव्या घातल्या म्या, पर शेवटाला ध्यान राह्यलं न्हाई. लुगड्याचं बोललो तवा कमी पडल्या का काय."

मी हसणार होतो. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसलो नाही.

"हिच्या आईला धाडायच्या टायमाला," आबा मुंडाशाकडे बघत म्हणाले, "मांडवात समद्यांच्या म्होरं म्या म्हनलो हुतो. माझी पोर सोन्यावानी हाय. येकदाच म्हनलो."

एक गाडी आली, ती आमची नव्हती. माणसं चढली, उतरली. मी इतिहास शिकवतो. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असं होत नाही, हे मी पोरांना फळ्यावर लिहून देतो. ते वाक्य माझ्या तोंडाशी अगदी तयार होतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षेचा निकाल विचारावा तसं ते पाहत होते.

"पुरल्या, आबा," मी म्हणालो. "मी लक्ष देऊन ऐकत होतो. शेवटीसुद्धा एक होती."

"व्हती?"

"चोर म्हणालात की तिला."

"चोर म्हनलो, व्हय." त्यांनी ते मनात तोलून पाहिलं. समाधान झालेलं दिसलं नाही. "चोर म्हंजी काय लय मोठी न्हाई."

मी इकडेतिकडे पाहिलं, ओळखीचं कुणी नाही अशी खात्री करून घेतली, आणि म्हणालो, "कार्टी मूर्ख आहे, आबा. अगदी महामूर्ख आणि... टवाळ कार्टी आहे."

माझा आवाज जरा मोठा झाला असावा. बाकावरच्या एका बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

आबांनी डोकं किंचित तिरकं करून माझी शिवी ऐकून घेतली.

"लय पातळ हाय, मास्तर," ते म्हणाले. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पर ऱ्हाऊ द्या. तिला चालंल."